हेडक्लार्कच्या घरातल्या पाच जणी

माझी बायको अकरा वर्षं दारोदार फिरली. बायकांना मत हवं, या अर्जावर सह्या आणि अंगठे गोळा करत. लोक तिला अर्जवाली म्हणायचे. मी पुस्तकं बांधतो. गिऱ्हाइकं मुद्दाम विचारायची, "काय बायंडर, आज चूल तुम्हीच पेटवली का?"

"हो, आणि तुमच्यापेक्षा चांगली पेटली."

शेवटी कायदा झाला. त्या दिवशी ती फक्त नाचायची बाकी होती.

मग मतदारयाद्या सुरू झाल्या. आमच्या वॉर्डाची यादी नगरपालिकेच्या हेडक्लार्ककडे होती. तो उंबऱ्यावर उभा राहून पुरुषांना विचारायचा आणि लिहायचा, अमक्याची बायको, तमक्याची आई. आमच्याकडे आला तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजाऱ्याला विचारून त्याने लिहिलं, बायंडरची बायको. पुढे वरून हुकूम आला की स्वतःचं नाव नसलेल्या बायका यादीतून काढा. तिच्यावर रेघ मारली.

ती दुरुस्तीसाठी तीनदा गेली. एकदा साहेब नव्हते, एकदा फॉर्म संपले होते. तिसऱ्यांदा ती अंगात ताप घेऊन भर पावसात रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा हेडक्लार्कने खिडकी लावून घेतली. लावता लावता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "अर्जवाली ना तुम्ही? मग थांबायची सवय असेल." नवव्या दिवशी ती गेली. न्यूमोनिया.

महिन्याभराने ती यादी बांधायला माझ्याकडेच आली. कागद दुमडताना हेडक्लार्कचं घर सापडलं. हेडक्लार्कची बायको, आई, काकू, थोरली सून, धाकटी सून. एकीवरही रेघ नव्हती.

वॉर्डातल्या कोणालाही पंधरा दिवसांत हरकत घेता येते. मी त्याच दुपारी फॉर्म भरला, पाचही जणींवर.

सुनावणीचे साहेब बाहेरगावचे होते. हेडक्लार्क हसत आला. "साहेब, माझ्याच घरातली माणसं ही. सगळा गाव ओळखतो."

"माझ्या बायकोलाही ओळखत होता," मी म्हणालो.

"नावं सांगा, मिटवून टाकू," साहेब म्हणाले.

त्याने बायकोचं सांगितलं, आईचं सांगितलं, सुनांची सांगितली. काकूपाशी अडला. लहानपणापासून तिनेच त्याला वाढवलेलं. "आम्ही... काकूच म्हणतो."

मागच्या बाकावरून काठी आपटली. काकू स्वतः आली होती. "पन्नास वर्षं माझ्या हातचं गिळलंस की रे मेल्या!"

शिपायासकट सगळे हसले. मग म्हातारी माझ्याकडे वळली. "आणि तू रे? तुझ्या बायकोने माझ्या दारात येऊन माझा अंगठा नेला. आणि तू मलाच कापायला निघालास?"

मी खाली बघितलं. खरं तर पाचही जणी कापल्या जाव्यात म्हणूनच मी आलो होतो. म्हणालो, "तुमचं नाव राहू दे, काकू. पण ते त्याने तुम्हाला विचारून, स्वतःच्या हाताने लिहावं."

साहेबांनी पेन पुढे केलं. त्याने काकूच्या कानाशी वाकून विचारलं.

"मोठ्याने विचार," काकू म्हणाली. "अर्जवालीला खिडकीतून मोठ्याने बोलला होतास ना?"

त्याने मोठ्याने विचारलं. काकूने सांगितलं. त्याने लिहिलं. कान लालबुंद झाले होते त्याचे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"झालं समाधान?" तो मला म्हणाला.

"माझ्या बायकोचं राहिलं."

"त्या गेल्या आता. यादीत घेता येत नाही."

"यादीत नको. तुम्ही कधी विचारलं नाहीत, ते विचारा."

तो साहेबांकडे बघत राहिला. साहेबांनी पुढची फाईल उघडली. शेवटी त्याने चष्मा काढला. "तुमच्या मिसेसचं नाव काय होतं?"

मी सांगितलं नाही. पिशवी उचलली आणि निघालो. तो पेन उघडून थांबला होता.