लाल गाठ

समजा, मुलांनो, तुमच्या हातात एक दोरा आहे. तो वडिलांच्या दंडाभोवती गुंडाळायचाय, आणि सगळी व्यायामशाळा तुमच्याकडे बघतेय.

डिंडोलीतल्या सोनालीने त्या रविवारी तसाच दोरा गुंडाळला. लूमवरचा, पांढरा. दर रविवारी ती आबांचा दंड मोजायची आणि टोक टेकेल तिथे गाठ मारायची.

आज टोक लाल गाठीवर टेकलं. तिचं बोट तिथेच थांबलं.

ती गाठ तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा तिचा बाप वाल्मिक कडोदऱ्याच्या एका उस्तादाकडून ताकदीच्या औषधाच्या सुया टोचून घ्यायचा. दंड भराभर फुगला. सोनालीने हौसेने गाठीला कुंकू लावलं. मग कावीळ झाली, रागाच्या भरात त्याने घरात ताटं भिरकावली, आणि सोनालीच्या आईने, शोभाबाईने, सुयांचा डबा खाडीत फेकला. वाल्मिकने व्यायामच सोडला. दंड उतरला. यंदा दिवाळीनंतर त्याने पुन्हा वजन धरलं, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठी बडोद्याला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती. कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या उखाने एकशे ऐंशी किलो उचलले होते. वाल्मिकची शेवटची पाळी होती, एकशे पंच्याऐंशी किलोची.

"काय रे वाल्मिक, दंड आहे का दुधी भोपळा?" बाकावरून उखा ओरडला. सगळे हसले.

पंच हसले नाहीत. "वाल्मिकभाई, इंजेक्शन-बिंजेक्शन?"

"तीन साल से सुई को हाथ नहीं लगाया, साहेब."

खरंच होतं ते. पंचांनी मान हलवली.

"कुठं आली गं गाठ, सोने?" वाल्मिकने विचारलं.

"लालवर, आबा."

त्याचं हसू ओठांवरच राहिलं. "ते औषध केव्हाच उतरलंय अंगातून," तो हळूच म्हणाला.

"मग इतक्या लवकर भरलं कसं?"

"एकदा भरलेला दंड पुन्हा लवकर भरतो, मग तो कशानेही भरलेला असो. घरी बोलू." त्याच्या मानेची शीर ताठली. सोनाली नकळत दोन पावलं मागे सरली. ताटं उडायची तेव्हा सरायची, तशीच.

वाल्मिकने ते पाहिलं.

तिच्या दप्तरात एक निळा दोराही होता, उखाकाकाचा. सहा वर्षं ती त्याचाही दंड मोजत होती. सुयांविना हळूहळू वाढलेल्या दंडाच्या त्या गाठी इतक्या जवळजवळ, की मोजायला नख लागे.

"वाल्मिक पाटील!" पंचांनी पुकारा केला.

हात घसरू नयेत म्हणून पांढरी पूड घ्यायला वाल्मिकने सवयीने तिच्यापुढे तळवे धरले. सोनालीने पुडीचा डबा उघडला नाही. आधी पांढरा दोरा त्याच्या तळव्यावर ठेवला, त्याला लागून निळा. दोन्ही नीट सरळ केले. मग डबा काखेत धरून ती उखाकाकाच्या बाकावर जाऊन बसली, आणि आबांकडे बघत राहिली.