मोकुश आजोबांच्या मागची गाडी

शार्शेनबेकने मोकुश आजोबांच्या थडग्यावर नवा दगड बसवला आणि गावाला चघळायला आयता विषय दिला. दगडावर मृत्यूचं साल कोरलं होतं १९४६. त्याची चुलतबहीण झीपारा, तिचा बाप असानाकून हा आजोबांचा धाकटा मुलगा, जन्म छप्पनचा. मेलेल्या माणसाला दहा वर्षांनी पोरगा झाला कसा, हे गावाने बोटांवर मोजलं. मोजायला गावाला कधीच कंटाळा येत नाही.

दगडाच्या जेवणाला कोचकोरचं अर्धं गाव तंबूत बसलं होतं. शार्शेनबेकने रिवाजाप्रमाणे पूर्वजांची नावं म्हटली. मोकुशच्या मुलांपाशी आला, स्वतःच्या मेलेल्या बापाचं नाव घेतलं आणि थांबला. असानाकून समोरच बसला होता. त्याने हातातलं हाड ताटात ठेवलं. मान खाली घातली. आयुष्यभर हेच केलं त्याने. झीपाराचं डोकं फिरलं.

"बाइके, दादा," ती शार्शेनबेकला म्हणाली, "माझ्या बापाचं नाव मटणाबरोबर गिळलंत का?"

"अगं, सगळ्यांदेखत कशाला बोलायला लावतेस?"

"वगळलंत सगळ्यांदेखतच ना?"

"मग ऐक. आजोबा कुत्र्याच्या वर्षी गेले. माझा बापच सांगायचा. कुत्र्याचं वर्ष म्हणजे सेहेचाळीस."

"कुत्रा काय एकदाच भुंकून गेला? बारा वर्षांनी परत येतो तो. अठ्ठावन्नही कुत्र्याचंच!"

लोक हसले. शार्शेनबेक चिडला. त्याने घरातला भिंतीवरचा फोटो काढून आणला. मेंढपाळ मोकुश, युद्धात गेलेल्या हाताची रिकामी बाही, आणि मागे कुणा साहेबाची कोरी गाडी. गाडी साहेबाची, ऐट आजोबांची.

"ही पोबेदा गाडी. सेहेचाळीसलाच निघाली. त्याच वर्षी आजोबा तिच्यापुढे उभे राहिले आणि त्याच वर्षी गेले. झालं समाधान?"

झीपाराने फोटो दाराशी उजेडात नेला. आजोबांनी गाडीचं नाक पुरतं झाकलं होतं. पुढची काच मात्र स्वच्छ दिसत होती. ती काच बघितली आणि फोटो हातात घेऊनच ती वळली.

"उठा सगळे. बाइकेंच्या खुराड्याकडे चला."

शार्शेनबेकच्या अंगणात त्याच्या बापाची जुनी पोबेदा सडत पडली होती. तिच्यात आता कोंबड्या राहत. लहानपणी झीपारा त्याच गाडीत बसून खोटीखोटी बिश्केकला जायची, आणि रस्ता बघायला तिला दर वेळी मान वाकडी करावी लागायची.

"काझीबेकबाबा, तुम्ही सांगा," ती गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला म्हणाली. "पुढच्या काचा किती?"

म्हाताऱ्याने कोंबडी हाकलली. "दोन. मधे लोखंडी पट्टी."

"आणि फोटोत?"

त्याने चष्मा पुसला, फोटो नाकाला लावला. "एकच. सलग आणि वाकलेली. अरे, ही पोबेदा कुठली? व्होल्गा आहे ही! छप्पनच्या आधी ही आख्ख्या देशात नव्हती, आपल्या डोंगरात कुठून येणार?"

"पट्टी फोटोत पुसली गेली असेल," शार्शेनबेक म्हणाला.

"आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसतो, आणि बोटभर जाड पट्टी तेवढी पुसली गेली?"

आता कुणी हसलं नाही. शार्शेनबेक कोंबड्यांकडे बघत पुटपुटला, "मोकुशचा मुलगा असानाकून."

"आजीचंही नाव घ्या."

"पूर्वजांत बायकांची नावं म्हणत नाहीत."

"बदनामीत म्हणता ना? तिथे बरी आठवते तुम्हाला आजी! आणि हे कोंबड्यांना काय ऐकवताय? जिथे वगळलंत तिथे चला."

शार्शेनबेकने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने तंबूकडे बोट दाखवलं.

तंबूत शार्शेनबेक उभा राहिला. घसा खाकरला. "मोकुशची बायको केंजेकान. मोकुश आणि केंजेकानचा मुलगा असानाकून. दगड चुकला. तो मी काढतो."

"ओमीन," म्हणत सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. असानाकूनचे हात चेहऱ्यावरच राहिले, बराच वेळ. झीपाराने तोवर बापाच्या ताटात गरम मटण वाढलं.