नावातली मोकळी जागा

“हिरवी खूण आलीय का न्हाई? मग झालं की, पंचफुलाबाई!”

बिरादार साहेबांनी वॉशबेसिनमध्ये गुटख्याची पिंक टाकली. नळाला महिनाभर पाणी नव्हतं. पिंक तशीच राहिली, कालच्यावर आजची.

“साहेब, खूण हिरवी हाय, पर बॅकअपमधी काहीच न्हाई,” पंचफुला म्हणाली. “मी एक अहवाल परत काढून बघितला. निघंना.”

“रोज कशाला काढून बघता? काम न्हाई का दुसरं?”

उदगीर भागातल्या त्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पंचफुला वाघमारे नऊ वर्षं कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होती. गावोगावच्या बोअरचे अहवाल टाइप करायचे आणि संध्याकाळी पाचला दुसऱ्या डिस्कवर त्यांचा बॅकअप घ्यायचा, हे तिचं काम. कुठल्या फोल्डरचा बॅकअप घ्यायचा ते एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असे. त्या फाइलला ती सहसा हात लावत नसे. लावलाच तर आधी नक्कल ठेवायची, एकच ओळ बदलायची, वहीत तारीख टाकायची आणि बॅकअपमधून एखादा अहवाल परत आणून उघडून बघायची. उघडला, तरच ती घरी जायची.

जानेवारीत साहेबांनीच घोळ घातला होता. नवा जिल्हा होणार अशी आवई उठली होती. जिल्हा झाला की हीच प्रयोगशाळा जिल्ह्याची होणार, असं त्यांनी धरून टाकलं. त्यांनी पाटी रंगवली, पडदे बदलले आणि फोल्डरचं ‘बोअर’ हे नाव साधं वाटतं म्हणून ‘बोअर अहवाल’ असं नवं फोल्डर केलं. सगळे अहवाल त्यात हलवले. सेटिंगच्या फाइलमध्येही स्वतःच तसं लिहिलं. दोन शब्द, मधे मोकळी जागा. असं नाव अवतरणचिन्हांत टाकावं लागतं, ते राहिलं. सॉफ्टवेअरनं पहिला शब्द तेवढा वाचला. जुनं, रिकामं ‘बोअर’ फोल्डर तिथंच पडून होतं. रोज संध्याकाळी त्याचाच बॅकअप होई, त्या रिकाम्या बॅकअपनं आधीच्या प्रतीही पुसल्या गेल्या, आणि वर हिरवी खूण.

पंचफुलाला ते कळलं फेब्रुवारीत, नवऱ्याच्या आजारपणाच्या रजेवरून परतल्यावर. फाइलचा पासवर्ड साहेबांनी बदलून स्वतःकडं ठेवला होता. मार्चमध्ये कंत्राटाची मुदत संपत होती, आणि ती वाढवणं साहेबांच्या हातात होतं. तिनं एकदा सांगितलं, साहेबांनी झटकलं, आणि ती गप्प बसली. कंत्राट वाढलं.

एप्रिलात मुख्य डिस्क बसली. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाची गोष्ट. वीज दिवसातून दहादा जायची. तिच्यावर होते ते अकरा महिन्यांचे सगळे अहवाल गेले.

साहेबांनी तिच्यापुढं एक यादी टाकली. “ह्या टँकर भरायच्या बोअरा. समद्यांपुढं ‘पिण्यास योग्य’ टाका. परवा तपासणी हाय.”

“साहेब, ह्यातल्या काही खराब निघालेल्या. धोंडगावची तर मी स्वतः टाइप केलती. नायट्रेट होतं.”

“किती होतं?”

“आकडा आठवत न्हाई.”

“मग न्हाईच ते!” साहेब हसले. दातांच्या फटीत सुपारी अडकली होती, ती जिभेनं काढत म्हणाले, “अन् सही तुमची. ऑपरेटर तुमीच.”

साहेबांची शिसारी पंचफुलाला नवी नव्हती. त्या दिवशी तिला स्वतःचीच आली. फेब्रुवारीतच सगळे अहवाल एका पेन ड्राइव्हवर तरी घ्यायचे होते. दोन ओळी लेखी तरी द्यायच्या होत्या.

अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीला जाते. तिनं यादी टेबलावर तशीच ठेवली आणि धोंडगावला जायला जळकोटकडची बस धरली.

धोंडगावात ग्रामसेवक नव्हता. पंचायतीची शिपाई गुरम्मा होती. कपाटातला ढीग दोघींनी जमिनीवर उपसला. कागद उंदरांनी खाल्लेले, लेंड्यांनी भरलेले, मुताचा उग्र वास. पंचफुला पदर नाकाला लावून एकेक कागद उलटत राहिली. तासाभरानं सापडला. नायट्रेट एकशे अठरा. मर्यादा पंचेचाळीस. खाली तिनंच टाइप केलेलं, ‘लहान बाळांना देऊ नये.’

बाहेर त्याच बोअरवर टँकर भरत होता.

“काय लिव्हलंय, बाई?” गुरम्मानं विचारलं. पंचफुलानं सांगितलं.

गुरम्मा खाली बसली. “माझी नात अडीच महिन्याची हाय. लेकीला दूध न्हाई. डब्याच्या दुधात हेच पानी घालायलाव.”

“उकळून?”

“हाव, चांगलं खळखळ.”

“उकळून हे जात न्हाई, गुरम्मा. उलट वाढतं.”

गुरम्मानं दाराशी भरून ठेवलेल्या घागरीकडं पाहिलं. ती ओतावी असं तिच्या मनात आलं असावं. हात पुढं झाला, पण घागर सरळ करून तिनं वर ताटली ठेवली. “धुण्याला तर चालंल न्हवं?”

दुसऱ्या दिवशी पंचफुलानं तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, त्यात साहेबांच्या यादीची हकीकत, सोबत अहवालाची झेरॉक्स. अर्जात शेवटी लिहिलं होतं, ‘बॅकअप होत नसल्याचे मला फेब्रुवारीत कळले होते. मी लेखी कळवले नाही.’

आवक-जावकचे कारकून चंद्रप्पा वाचता वाचता थांबले. “बाई, हे शेवटचं कशाला? तुमच्याच अंगावर येतंय. काढा.”

“राहू द्या.”

“कुनी इचारलं न्हाई तुमाला.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. चंद्रप्पांनी शिक्का मारला.

धोंडगावची बोअर बंद झाली. यादीतल्या सगळ्या बोअरींची फेरतपासणी निघाली. आणखी सहा खराब सापडल्या. बिरादार साहेबांना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी तिच्या अर्जातल्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून उत्तर दिलं आणि सुटले. कंत्राट संपलं ते पंचफुलाचं. नवा जिल्हा काही झाला नाही.

बोअर बंद झाल्यावर धोंडगावात चार दिवस दुसरीकडून टँकरच आला नव्हता. पाचव्या दिवशी गुरम्माचा फोन आला.

“बाई, गाव लई शिव्या द्यायलंय तुमाला.”

“देऊ दे.”

“मी पन दिल्या, दोन दिस.” मग ती म्हणाली, “नातीपुरती कळशी आनते तीन कोसावरून. मळ्यातल्या हिरीची. तेवढं सांगावं म्हनून केला.”

“बरं केलंत,” पंचफुला म्हणाली. गुरम्मानं फोन ठेवला. पंचफुलानं आपला आणखी थोडा वेळ कानाशी तसाच धरला.