कड्यावरचं अस्वल

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि तुमच्याकडे सरळ बघायची मला लाज वाटते.

भिंगे घासणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवले. तो काच इतक्या निगुतीने पुसायचा, की त्याची बायको म्हणे, "घरातल्या ताटांना कधी लावलात का असा हात?" पुढे मला दरीच्या कठड्यावर बसवले. माझ्यातून दरी बघून लोक "वा!" म्हणत आणि फुगायची मात्र मी.

मग माझी देखभाल थांबली. पावसाने मान गंजली. समोरच्या कड्याखेरीज ती कुठे वळेना. फटीतून एक मुंगी आत शिरली, भिंगाला चिकटली आणि मेली. दुसऱ्याच दिवशी एक पाहुणा ओरडला, "अस्वल!"

झाले! जगात कुठे नाही असे न हलणारे अस्वल बघायला लांबलांबून माणसे येऊ लागली. कोणी म्हणे झोपलेय, कोणी म्हणे तप करतेय. जिवंतपणी त्या मुंगीला कोणी वाटेतून बाजूलाही केले नसते.

त्या कड्यावर मधमाश्या पाळणारी एक मावशी एकटीच राहायची. तिच्या जिवाला धोका म्हणून तिला खाली आणले आणि वर जायची वाट बंद केली.

"अहो, मला तर ते कधी दिसलं नाही!" ती म्हणाली.

"जवळून नाही दिसत, मावशी," कठड्यावरच्या रखवालदाराने समजूत घातली. "दुर्बिणीतून बघावं लागतं."

शरमेने मान खाली घालावी म्हटले, तर ती गंजलेली.

दोन वर्षे मावशी जावयाच्या पडवीत राहिली. मग एके दिवशी तरातरा चढून आली, रांग मोडून मला डोळा लावला आणि चिडून एक चापट मारली. अस्वल उताणे पडले. पाय वर!

पोळे कापायच्या सुरीने तिने माझे झाकण उघडले आणि नखावर मुंगी घेऊन रखवालदारापुढे धरली. "घ्या तुमचं अस्वल. जपून हो, चावेल."

"हळू बोला ना मावशी, लोक ऐकतायत!"

तिने रुमालाने भिंग पुसले आणि पुन्हा डोळा लावला. कितीतरी वर्षांनी मी नीट काम केले. तिचे घर तिला हात लावावा इतके जवळ दाखवले. छप्पर खचलेले. मधाच्या पेट्या आडव्या पडलेल्या. माशी एकही नाही. ती बराच वेळ तशीच बघत राहिली, आणि मला काहीच झाकता येईना.

मित्रांनो, महिन्यातून एकदा मला पुसत जा. आणि माझ्यातून काही दिसलेच, तर ओरडण्याआधी तिथे राहणाऱ्याला विचारा.