वारा आहे

मी ओळंबा बोलतोय. दोरीला लटकलेलं पितळी वजन म्हणून हिणवू नका मला. विटा गवंडी लावतो, पण भिंत सरळ की वाकडी ते मी सांगतो. माझ्या दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी गट्टू आहे. तो भिंतीला टेकवायचा, मला खाली सोडायचं आणि मी डुलायचा थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. एवढंच माझं शास्त्र.

लेथवर जन्मलो आणि थेट एका गवंड्याच्या पिशवीत पडलो. माणूस अबोल, कामाला चोख. मुलाला आणि मुलीला, दोघांनाही त्याने माझ्यावरच शिकवलं. भिंत जुळली की म्हणायचा, "ओळंब्यात आहे." याहून मोठं कौतुक त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तो गेला आणि मी मुलाच्या हाती आलो. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. गिलावा करणारी धाकटी बहीण मात्र दादा.

मिस्त्रीचा हात म्हणजे काय सांगू! तीन श्वासांत मी स्थिर व्हायचो. मला त्या हाताचा अभिमान होता.

मग सकाळ-सकाळी मी थरथरायला लागलो. म्हणजे थरथरायचा हात, बदनाम व्हायचो मी. "वारा आहे," मिस्त्री म्हणायचा. थोड्या वेळाने "हातपाय धुऊन येतो" म्हणून पाण्याच्या पिंपामागे जायचा, आणि परत आला की हात एकदम शहाणा. मला आधी बरंच वाटलं. नंतर उमगलं, की खरी भीती इथेच आहे. दारूवाचून त्याचा हात आता चालतच नव्हता.

बाकीच्या खुणाही काही लपून नव्हत्या. जेवणाचा डबा भरलेलाच घरी जायचा. स्वतःची पाण्याची बाटली तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. गप्पिष्ट माणूस, पण साध्या प्रश्नावर अंगावर यायला लागला. "उद्यापासून बंद" हे तर मी इतक्यांदा ऐकलं की त्या उद्याचीच मला कीव आली.

बहिणीला दिसत नव्हतं असं नाही. पण ती भिंतीचा बाक गिलाव्यात जिरवायची, मालकाने विचारलं तर "दादाला जरा बरं नाही" सांगायची. तिची माया मला कळत होती, रागही यायचा.

एक दिवस जिन्याचा कठडा चालला होता. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, हवा कोंडलेली. बहिणीने त्याला मला कठड्यालगत खाली सोडायला सांगितलं. मी थांबेचना.

"वारा आहे," मिस्त्री म्हणाला.

बहिणीने थापी खाली ठेवली. त्याच्याच खिशातली काडेपेटी काढून काडी ओढली. ज्योत सरळ उभी राहिली.

"हलतेय का, दादा?"

तिने मला आपल्या हातात घेतलं, खाली सोडलं. कठडा दोन बोटं बाहेर गेला होता.

"यावर माणसं रेलणार आहेत. मी हा पाडतेय. आता गिलावा नाही."

"तू मला शिकवणार?"

"बाबांनी मलाही शिकवलंय."

तो ओरडला, पिशवीला लाथ मारली. ती हातोडा चालवत राहिली. सिमेंटच्या ओल्या मालातल्या विटा पटापट सुटल्या. शेवटी तो पायरीवर बसला.

"मला थांबता येत नाही गं."

"माहितेय. एकट्याने थांबूही नकोस. डॉक्टरकडे जाऊ, आत्ताच. हात धुऊन ये. या वेळी खरंच धू."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं: अशा अवस्थेत एकदम आपल्या मनाने सोडणं धोक्याचं असतं. त्याला दाखल करून घेतलं. घरी आल्यावर एकदा पुन्हा बाटलीकडे घसरला, पुन्हा दाखल झाला. बहीण दोन्ही वेळा सोबत होती, आणि दोन्ही वेळा तिने लोकांना खरं कारण सांगितलं.

आता मिस्त्री रोज कामाआधी मला सोडून बघतो. पूर्वीचे तीन श्वास अजून आलेले नाहीत. कधी सात लागतात, कधी पाच. चालेल, मला घाई नाही.

तुमच्या घरात कुणी रोज वाऱ्यावर खापर फोडत असेल, तर त्याच्या भिंतींवर गिलावा चढवत बसू नका. जवळ बसा आणि काडी ओढून बघा.

आज सकाळी आम्ही उघड्या गच्चीवर होतो. मी डुलायचा थांबेना. बहिणीने भावाकडे पाहिलं.

"वारा आहे," तो हळूच म्हणाला.

तिने काडेपेटी काढली, काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मग दोघंही हसत सुटले, आणि मी मजेत डुलत राहिलो.