तनाकांचं मूळ गाव

कोणी खरं मानणार नाही, पण एका तनाकाचा तुटलेला हात छताच्या पंख्यावर बसून तीन फेऱ्या फिरला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे मला मोठ्यानं सांगावं लागलं, कारण माझ्या मुलानं, आलोकनं, दुर्वाच्या कानशिलात दुसऱ्यांदा ठेवून दिली होती. माझ्या नातीचा ओठ फुटला होता. तिला लग्न करायचं होतं त्या जपानी मुलाचा, तनाकाचा, फोटो असलेला तिचा मोबाइल भिंतीवर आपटून फरशीवर विखुरला होता. अख्ख्या अधारताल मोहल्ल्याला ऐकू जाईल असा आलोकचा आवाज चढला होता.

"तनाका म्हणजे कोण? मूळ गाव कोणतं, कूळ कोणतं?"

"पापा, बहुत कॉमन आहे," दुर्वा रक्त गिळत म्हणाली. "जपानमध्ये चौथ्या नंबरचं आडनाव. बारा-तेरा लाख लोक आहेत. अर्थ आहे, भातशेतांच्या मधला. दीडशे वर्षांआधी सरकारनं हुकूम काढला, सगळ्यांनी आडनाव लावा. कितीतरी शेतकऱ्यांनी समोर दिसलं ते लावून टाकलं."

"म्हणजे तेरा लाख लोक, अन् एकाचाही पत्ता नाही! अशा घरात जाशील तर पाय तोडून घरी बसवीन." आलोकनं दारामागचा रॉड उचलला.

म्हणून मी पंखा मध्ये आणला.

"चौऱ्याऐंशी साली आमच्या कारखान्यात प्रेस बसवायला एक तनाका आला होता," मी म्हणालो. "माझी बाही प्रेसमध्ये अडकली. वर सोळा टन लोखंड, खाली तुझा बाप. त्यानं मला अशी लाथ घातली की मी भिंतीवर जाऊन आदळलो. पण त्याचा उजवा हात राहिला आत. मनगटापासून साफ! रक्ताची चिळकांडी छतापर्यंत. हात उडाला तो थेट पंख्यावर, अन् तो पठ्ठ्या पंख्याकडे पाहून कमरेत वाकून नमस्कार करतो!"

दुर्वा रडता रडता फिसकन हसली. "आजोबा, सच्ची?"

"बाबा, हे पहिले कधी नाही सांगितलं?" आलोकचा रॉड खाली आला होता.

"तू विचारलं कधी? तो नसता, तर बिनबापाचा वाढला असता. त्या आडनावाला या घरातून नाही म्हणतो?"

आलोक खुर्चीत बसला. मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

माझी बायको सुमित्रा नातीच्या ओठावर कापूस दाबत होती. मान वर न करताच ती बोलली.

"काहून खोटं बोलून राहिले हो? पोरीला वाचवायचं, तर खरं सांगून वाचवा. तो हात तुमच्यासोबत प्रेसवर काम करणाऱ्या श्यामसुंदरचा होता. दवाखान्यात रडत मला तुम्हीच सांगितलं होतं. आठ वर्षांनी त्याचा पोरगा तुमच्या लेकीला, विनीताला, मागायला आला. तुम्ही आडनाव विचारलं. ऐकलं, अन् या आलोकच्या हाती काठी दिली. सतराचा होता हा."

आलोकनं रॉड खुर्चीखाली सरकवला.

"पोराचं डोकं फुटलं. श्यामसुंदर या घराच्या पायरीवर बसून उरलेल्या हातानं त्याचं रक्त पुसत होता. अन् तुम्ही मला आतून सांगत होते, दार लाव."