फोटोतली पोर

दप्तरं वाटायची कल्पना वैजनाथची. तुरुंगातले शिपाई-हवालदार दरसाल मिळून काहीतरी धर्माचं काम करत. यंदा शाळा उघडायच्या तोंडावर त्यानं सुचवलं, की पुसेगावच्या अलीकडं एक वाडी आहे, सासुरवाडीला जाता-येता दिसते, तिथल्या लेकरांना द्यावं. सगळ्यांना पटलं. दप्तरं, वह्या, कंपासपेट्या घेऊन जेलरसाहेबांसकट सगळे गणवेशात वाडीवर गेले.

मास्तरांनी पोरांना ओळीनं बसवलं. पेपरवाला फोटो घ्यायला लागला, तशी पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं दप्तरात तोंड खुपसलं. वैजनाथ तिच्या मागंच उभा होता. त्यानं वाकून तिच्या हनुवटीला बोट लावलं. “वर बघ, बाळा. भ्यायचं न्हाई.”

तिनं वर बघितलं.

बरॅकीत रोज पेपर जायचा आणि विश्वंभर तो बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. खटला अजून चालू असलेला हा कैदी मोठा शांत होता. कुणाशी भांडण नाही, शिपायांशी अदबीनं बोलायचा. फोटो छापून आला त्या संध्याकाळी वैजनाथ कुलूप घालायला गेला, तर तो गजांशी पेपर घेऊन उभा.

“साहेब, लई पुण्याचं काम केलं तुमी,” तो म्हणाला, आणि फोटोतल्या पुढच्या रांगेवर त्यानं अंगठा ठेवला. “ही माझी हाय. पुनम. बराबर आईवर गेली.”

वैजनाथला बरंच वाटलं. तुरुंगातल्या बापाला लेक दिसली, आपल्या हातून तेवढं घडलं. गेटवर येऊन त्यानं ते गुलाबसिंग हवालदाराला सांगितलं. कैद्यांचे कोर्टाचे कागद गुलाबसिंगच्या हातून जात. ऐकता ऐकता त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग हळू आवाजात सांगितलं, की विश्वंभरवर बायकोला विहिरीत ढकलल्याचा आरोप आहे. बघणारं दुसरं कुणी नव्हतं, एकटी ती पोर. तिनं जज्जासमोर तसं सांगितलं. तेव्हापासून पोरीच्या आईची मावशी तिला कुठंतरी लपवून सांभाळत होती.

“कुठं हाय ते त्याला ठाव न्हवतं,” गुलाबसिंग म्हणाला. “आता फोटोखाली वाडीचं नाव छापलंय.”

दुसऱ्या दिवशी वैजनाथनं जेलरसाहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी ठाण्यात फोन केला, लक्ष ठेवतो असं उत्तर आलं. पण मुलाखतीच्या दिवशी विश्वंभरचा भाऊ आला. जाळीच्या आतून विश्वंभरनं पेपराचा तुकडा त्याच्यासमोर धरला. भावानं नुसती मान हलवली.

सुट्टी मिळाल्याबरोबर वैजनाथ वाडीवर गेला. पुनमला सांभाळणारी ती मावशी, चतुराबाई, उंबऱ्यात बसली होती. आपण कोण ते त्यानं सांगितलं, तरी ती उठली नाही. तिनं सांगितलं, की आदल्या दिवशी शाळेत मोटारसायकलवर एक माणूस आला होता. तुरुंगवाल्यांनी आता बूट द्यायचं ठरवलंय म्हणाला, आणि एकेका लेकराच्या पायाचं माप घेत गेला. मास्तरांना काय कल्पना? पुनमनं चुलत्याला ओळखलं. तिनंही गुमान पाय पुढं केला, घरी आली, आणि पहाटे चतुराबाईला उठवून तो कोण ते सांगितलं.

“तुमी चांगलंच करायला आले व्हते,” चतुराबाई म्हणाली. “पण आता हिला कुठं ठिवू, ते तुमीच सांगा.”

त्याच दुपारी वैजनाथनं दोघींना वाडीतल्या लोकांदेखत एसटीनं आपल्या गावी, डोंगरकड्याला, बहिणीकडं, अनुसयाबाईकडं नेलं. पुनम खिडकीपाशी बसली, पण बाहेर बघत नव्हती. कळमनुरी मागं पडल्यावर तिनं एकच विचारलं, की तिथं शाळेत फोटो काढत्यात का? न्हाई, असं वैजनाथनं सांगितलं आणि त्याला तिच्याकडं बघवेना.

पोळा झाला, गणपती झाले. पुनम डोंगरकड्याच्या शाळेत रुळली, अनुसयाबाईच्या मागं मागं फिरायला लागली. वैजनाथला वाटलं, टळलं. मग विश्वंभरला जामीन झाला. साक्षीदाराच्या जवळ फिरकायचं नाही, अशी कोर्टाची अट होती.

सुटकेच्या वेळी गेटवर वैजनाथच होता. विश्वंभरनं आपले कपडे घेतले, मनगटात घड्याळ चढवलं आणि हात जोडले.

“साहेब, तुमचं गाव डोंगरकडा न्हाई का? केळी लई चांगली म्हणत्यात तिकडची.”

बाहेर भाऊ मोटारसायकल चालू ठेवूनच बसला होता. त्यांचं घर औंढ्याकडं. गाडी मात्र कळमनुरीच्या, डोंगरकड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागली.

वैजनाथनं गेटवरच्या खणातून आपला फोन काढून बहिणीला लावला. पुनम शाळेत होती. तिला मास्तरांच्या खोलीत घेऊन बस आणि आतून कडी घाल, एवढंच तो बोलला. गुलाबसिंगनं काही न विचारता त्याच्या हातातल्या किल्ल्या घेतल्या आणि स्वतः ठाण्याला फोन लावला.

वैजनाथ पोचला तेव्हा शाळेसमोरच्या टपरीवर दोघे भाऊ चहा पीत बसले होते. मास्तरांच्या खोलीचं दार बंद होतं. विश्वंभरनं सरकून बाकावर जागा केली.

“बसा साहेब. लेकराला लांबून बघावं म्हणून आलो. काहून, गुन्हा हाय का?”

“हाय,” वैजनाथ म्हणाला. तो बसला नाही, दार आणि टपरी यांच्या मधोमध उभा राहिला.

पोलिसांची गाडी आली. त्यांनी दोघांना दम दिला, उद्या कोर्टाला कळवतो म्हणून सांगितलं आणि गावाबाहेर काढलं. जाताना विश्वंभर वैजनाथजवळ थांबला. आवाज तसाच अदबीचा.

“आज न्हाई तर न्हाई. शाळा काय, रोजच सुटती.”

घंटा झाली. पोरांचा लोंढा फाटकातून बाहेर आला. वैजनाथनं मास्तरांच्या खोलीतून बाहेर आलेल्या पुनमचा हात धरला आणि त्या गर्दीत तो तसाच उभा राहिला, हिला आता कुठं न्यावं ते त्याला सुचेना.